अजून एक उकळी

स्लाइड क्रमांक दोन हजार सातशे एक्केचाळीस.
हिंदुराव खाडे, वय एकसष्ट, मुक्काम शिये.
मोठ्या आतड्याचा वीतभर तुकडा
रात्रभर फॉर्मॅलिनमध्ये, मग मेणात,
मग केसाहून पातळ कापात
माझ्या काचेवर.

मी चढवलेला तपकिरी रंग
फक्त पेशींच्या कडांवर बसतो,
एक पेशी दुसरीला धरते तिथं.
त्या धरण्याचं नाव कॅडहेरिन.
निरोगी भागात त्याच्या रेघा अशा
की कुणी बारीक कुंच्यानं
फरशीच्या सांधी भरत गेलंय.

गाठीच्या मधोमधही रंग आहे, थोडा विस्कटलेला.
पण कडेला, गाठ स्नायूत घुसते तिथं,
तो विटत जातो,
आणि दोन-दोन, तीन-तीन पेशी
सुट्या होऊन निघालेल्या.
मी मोजते. एका फील्डमध्ये बारा.

दुसऱ्या स्लाइडवर कॅडहेरिनचा जोडीदार,
दाराशी टेकू देऊन उभं राहायचं ते प्रथिन.
त्यानं दार सोडलंय.
केंद्रकात जाऊन बसलंय आणि तिथून हुकूम सोडतंय: वाढा.
राखणदारच गादीवर बसला
तर पुढं काय होतं, हे लिहायला
रिपोर्टात रकाना नाही.

गुरुवारी ते स्वतः आले,
राजारामपुरीतले आमचे दोन जिने चढून.
सदऱ्याखाली पोटाला पिशवी,
मागे पुतण्या, ओशाळलेला.
"मुजावर बाई, माझा तुकडा बघायचाय."
असं कुणी मागत नाही.
मी स्टूल खाली केलं.

एक डोळा मिटून ते बराच वेळ बघत राहिले,
चाळीस हंगाम काहिलीत बघत आले तसे.
मी सांगत गेले: ही धरलेली, ही सुटलेली.
"म्हंजे आदन बिघडलं म्हना की.
गूळ धरंना झालाय."
मी म्हणाले, तसंच.
"मग चुना कमी पडला आसंल."

मी हसणार होते.
पण कॅडहेरिनला खरंच कॅल्शियम लागतं,
त्याशिवाय त्याची बोटं ताठ राहत नाहीत,
आणि रसात पडतो त्या चुन्यातही कॅल्शियमच.
इथं मात्र चुना पुरेसा होता, खाडे.
बोटंच उरली नव्हती.

चौदा लसिकाग्रंथी तपासल्या, तिघींत सापडल्या.
यकृतावर एक डाग, सुपारीएवढा.
त्याच्या सुईच्या तुकड्यावरही मी तोच रंग चढवला होता.
तेही दाखवलं. दाखवायला नको होतं कदाचित.
तिथं त्याच पेशी, त्याच घराण्यातल्या,
पुन्हा एकमेकींना घट्ट धरून,
कडा तपकिरी, ठसठशीत,
सांधी भरलेल्या.

पुतण्या खिडकीतून खाली गाडी बघत होता.
हिंदुराव डोळा न काढता म्हणाले,
"म्हंजे धरायचं इसरली न्हाई ती.
हितलं घर सोडायपुरतं सोडलं तिनं."

पुस्तकांत यासाठी लांबलचक शब्द आहेत.
परिषदेत मी ते सफाईनं बोलते.
त्या दिवशी एकही आठवला नाही.
पंखा फिरत होता, आणि मला उगाच
सासर सोडून मिरजेला गेलेली माझी आत्या आठवली,
तिथं तिनं शिवणाचा क्लास काढला,
चाळीस बायका जमवल्या.
आत्यानं कुणाचं वाईट केलं नाही.
उपमा चुकीचीच आहे. तरी आठवली.

"मंगळवारी केमो हाय," ते उठत म्हणाले.
"त्यानं धरतंय का सुटतंय?"
मरतात, मी म्हणाले. बऱ्याच.
"बऱ्याच," त्यांनी शब्द जिभेवर ठेवून बघितला.

टेबलावर ताजी स्लाइड वाळत होती,
दुसऱ्याच कुणाची.
काच चिकटवायच्या डिंकाचा एक थेंब कडेनं ओघळलेला.
मी नको म्हणेपर्यंत त्यांनी तो
अंगठा आणि तर्जनीत घेतला,
बोटं मिटली, उघडली.
मधे तार आली,
उजेडात दोन बोटं लांबली
आणि तुटली.

"कच्चं हाय, बाई," ते म्हणाले.
"अजून एक उकळी."

मी बोळा पुढे केला.
त्यांनी बोटं पुसली नाहीत.